परोपजीवी कोण?

आपल्या भाषेंत ज्या शिव्या सभ्य गृहस्थासहि निःसंकोचपणें छापतां येतात त्यांत ‘बांडगूळ’ आणि ‘गोचीड’ या दोहोंचा मान मोठा आहे. सावकार, दलाल, पुढारी, सासऱ्याच्या घरीं तळ ठोकून बसलेला जांवई, कोणासहि त्या चिकटतात आणि एकदां चिकटल्या कीं सुटत नाहींत. परंतु ज्या जीवांचीं नांवें आपण या कामीं उसनीं घेतों त्यांची चौकशी केली असतां मोठी मौज दिसते. आंब्यावरील बांडगुळाचीं पानें हिरवीं असतात. झाडाचें पाणी तें चोरतें खरें, पण उन्हांत आपली साखर आपणच तयार करतें. गोचिडीला तर रक्तावांचून दुसरें अन्न ठाऊकच नाहीं. पोट भरलें कीं ती गळून पडते, दोनतीन हजार अंडीं घालते आणि मरते. तिनें सांठवून कांहीं ठेवलेलें नसतें, लेंकरांसाठीं इस्टेट केलेली नसते. युरोपीय भाषांत या वर्गास जो शब्द आहे त्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘दुसऱ्याच्या ताटाशेजारीं बसून जेवणारा’ असा असून तो प्रथम माणसांसच लावीत असत. निसर्गशास्त्रज्ञांनीं तो पुढें किड्यांस दिला. म्हणजे शब्द माणसाकडून किड्याकडे गेला, आणि आतां शिवी होऊन पुनः माणसाकडे परत आला आहे. या जाण्यायेण्यांत जें विचारण्यासारखें होतें तें राहूनच गेलें : दुसऱ्याच्या जिवावर जगणें हा अपराध केव्हां होतो, आणि तो कोणाकडून होतो?

हा प्रश्न नुसत्या शब्दांच्या खलांत घोंटण्यापेक्षां एखाद्या गांवांत नेऊन विचारावा या हेतूनें आम्हीं वसई–विरारचा परिसर निवडला आहे. एके काळीं या पट्ट्यांतील वाड्यांचें सारें वैभव मुक्या जनावरांच्या पायांवर उभें होतें. केळी, पानवेली, भाजीपाला आणि फुलें यांना पाणी मिळे तें रहाटाचें, आणि रहाट फिरे तो बैलाच्या वा रेड्याच्या बळावर. पुढें विजेचे पंप आले, रहाट थांबले. २००९ सालीं येथें महानगरपालिका झाली, २०१४ सालीं ठाणें जिल्ह्याचें विभाजन होऊन पालघर जिल्हा निराळा झाला, आणि रुळाच्या दोन्ही अंगांस इमारतींच्या रांगा चढत गेल्या. तरीहि जनावर येथून गेलें नाहीं. पूर्वेकडे मुंबई–अहमदाबाद रस्त्याच्या आसपास म्हशींचे तबेले आहेत. तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या पाड्यांतून शेळ्या आहेत. गल्लोगल्लीं कुत्रीं आहेत, आणि आठव्या मजल्यावर गालिच्यावर निजणारीं आणखी निराळीं कुत्रीं आहेत. या सर्वांच्या अंगावर आणि अंगांत राहणारी जी दुसरी वस्ती आहे तिची शिरगणती कोणत्याहि पालिकेच्या दप्तरीं सांपडावयाची नाहीं.

त्या वस्तीचें वर्णन किळसवाणें म्हणून टाळण्याची रीत आहे. ती आम्ही पाळणार नाहीं. कारण नीतीचा प्रश्न येथें देहाच्या तपशिलांतूनच उभा राहतो. म्हशीच्या यकृतांत राहणारा चपटा, पानासारखा कृमि घ्या. त्याचीं अंडीं शेणावाटे डबक्यांत पडतात. त्यांतून निघालेल्या सूक्ष्म जिवाला थोडक्या तासांत विशिष्ट जातीची गोगलगाय गांठतां आली नाहीं तर तो मरतो. गांठली तर तिच्या अंगांत एकाचे शेंकडों होऊन बाहेर पडतात, पाण्याकांठच्या गवतास चिकटून कवच करून बसतात, आणि तें गवत म्हैस खाते. पुढें कित्येक आठवडे कांहींच दिसत नाहीं. मग दूध आटतें, हाडें वर येतात, जबड्याखालीं पाणी उतरून पिशवी लोंबूं लागते. या कुळांतील कृमीचा हा सारा प्रवास १८८३ च्या सुमारास इंग्लंडांत टॉमस आणि जर्मनींत लॉयकार्ट यांनीं एकमेकांपासून स्वतंत्रपणें उलगडला. शेळीच्या पोटांत लालपांढऱ्या पिळाचा एक बोटभरहि नसलेला कृमि राहतो. तो दिवसाकांठीं फार तर एक थेंब रक्त पितो, पण तो एकटा कधींच नसतो, आणि पावसाळ्याच्या अखेरीस तर हजारांनीं असतो. म्हशीच्या रेडकाची कथा याहून विलक्षण आहे. त्याला ग्रासणाऱ्या गोल जंताचीं पिल्लें आईच्या देहांत निजून राहिलेलीं असतात. ती व्याली कीं जागीं होऊन कांसेंत उतरतात आणि पहिल्या कांहीं दिवसांच्या दुधाबरोबर रेडकाच्या पोटांत जातात. तीन आठवड्यांत त्यांचे वीतभर जंत होतात. रेडकूं हगवणीनें खंगतें, पोट नगाऱ्यासारखें फुगतें, आणि पुष्कळदां तें मरतें. आई दुधाबरोबरच मरणहि पाजते, आणि तिला त्याची गंधवार्ता नसते.

हें पाहून ईश्वराच्या कारुण्याविषयीं शंका येणें स्वाभाविक आहे, व ती थोरामोठ्यांसहि आलेली आहे. डार्विननें १८६० सालीं एसा ग्रे या वनस्पतिशास्त्रज्ञास लिहिलेल्या पत्रांत, जिवंत सुरवंटाच्या अंगांत आपलीं पिल्लें पोसणारी माशी कोणा दयाळू देवानें मुद्दाम निर्मिली असेल हें आपल्या मनास पटत नाहीं, अशा आशयाची कबुली दिली आहे. आमच्याकडे हा प्रश्न तितका बोंचत नाहीं, कारण पूर्वजन्मींच्या कर्माचा सोयीस्कर दोर आपल्या हातीं आहे. म्हशीनें कांहीं केलें असेल म्हणून ती भोगते. या उत्तरांत दोष एवढाच कीं तें गोठ्याच्या बाहेर उभें राहून देतां येतें. असो. देवाची बाजू देवानें सांभाळावी. कृमि कोणी निर्मिला हा आमचा प्रश्न नव्हे. तो या म्हशीच्या पोटांत इतक्या संख्येनें कसा शिरला हा आमचा प्रश्न आहे, आणि त्याचें उत्तर स्वर्गांत शोधावें लागत नाहीं.

रानम्हशीच्या पोटांत कृमि नसतात असें नाहीं. परंतु ती आज येथें चरली तर उद्यां दुसरीकडे जाते. ताज्या शेणाभोंवतालचें गवत ती सहसा तोंडांत घेत नाहीं. चिखलांत लोळून अंगावर लेप चढविते आणि तो वाळून पडतांना त्याबरोबर गोचिडीहि पडतात. उरल्यासुरल्यांचा समाचार पाठीवर बसणारीं पांखरें घेतात. आमच्या म्हशीला यांतलें कांहींच करतां येत नाहीं, कारण तिच्या गळ्यांत दावें आहे. ती जेथें खाते तेथेंच शेण टाकते. ज्या भिंतीच्या भेगांत गोचिडीचीं अंडीं त्याच भिंतीशीं ती वर्षभर उभी असते, आणि शेजारणीचा उपद्रव तिला व तिचा शेजारणीला होत राहतो. गाईची गोष्ट याच्याहि पुढची. आपल्या देशी गाई गोचिडींना आणि त्यांच्याबरोबर येणाऱ्या तापांना हजारों वर्षांत पुष्कळ सरावलेल्या. अधिक दुधासाठीं आम्हीं त्यांचा विलायती रक्ताशीं संकर केला, आणि ज्या तापानें देशी गाय चार दिवस मान टाकी त्यानें संकरित गाय जमिनीवर कोसळूं लागली. तेव्हां जनावराच्या उपद्रवांत निसर्गाचा वांटा किती व आमचा किती याचा हिशेब प्रामाणिकपणें केला तर मोठा भाग आमच्याच पदरीं येतो. स्वसंरक्षणाचीं त्याचीं साधनें आम्हीं काढून घेतलीं. त्यांच्या बदल्यांत औषध देणें ही दया नव्हे. तें ऋण आहे. दया करणाराच्या मर्जीवर असते. ऋण बुडविलें तर त्यास दुसरें नांव आहे.

या ऋणाच्या अगदीं जुन्या सरकारी नोंदींपैकीं एक, योगायोग असा कीं, याच मातीशीं जोडलेली आहे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक. येथें १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांस अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं नवव्या लेखाचा तुकडा सांपडला. आठव्याचा विषय राजानें मृगयेच्या सहली सोडून धर्मयात्रा आरंभिल्या हा, आणि नवव्याचा विषय, लोक जीं नाना मंगलकृत्यें करतात त्यांपेक्षां दासांशीं नीट वागणें व प्राण्यांविषयीं संयम राखणें हेंच खरें मंगल होय, हा. इतर अनेक ठिकाणीं हे लेख चौदांच्या मालिकेंत कोरलेले आढळतात. तेव्हां सोपाऱ्यासहि दुसरा लेख असावा असा तर्क करण्यास हरकत नाहीं. त्या दुसऱ्या लेखांत राजा सांगतो कीं आपण दोन प्रकारची चिकित्सा सर्वत्र चालू केली, एक माणसांची व एक जनावरांची, आणि जेथें औषधी वनस्पती नव्हत्या तेथें त्या आणवून लावविल्या. बावीसशें वर्षांहून जुन्या या मजकुरांत आम्हांस नवल वाटतें तें करुणेचें नव्हे. करुणा आमच्या वाङ्मयांत उदंड आहे. नवल त्या दोन चिकित्सांच्या शेजाराचें आहे. माणूस आणि जनावर एका दमांत आले आहेत, आणि बहुधा खर्चाच्या एकाच खात्यांत. मौर्यांचें सैन्य हत्तीघोड्यांवर चालत होतें म्हणून राजास हें सुचलें असेल, असें कोणी म्हणेल. म्हणो. ज्या हेतूनें ऋण फिटतें तो हेतु तपासण्याचा अधिकार ऋणको मंडळींस नसावा.

अशोकाचाच दुसरा एक आदेश, पांचव्या स्तंभलेखांतला, याहून अडचणीचा आहे. जिवंत प्राण्याला जिवंत प्राण्यावर पोसूं नये, आणि ज्या भुशांत जीव आहेत तो जाळूं नये, अशीं त्यांत फर्मानें आहेत. हीं अक्षरशः पाळावयाचीं तर गोचीड चिमट्यांत धरणारा हात मध्येंच थांबला पाहिजे. म्हैस एक जीव, तिच्या पोटांत हजारों जीव; औषधाच्या एका घोटानें हजार मारून एक वांचविणें ही कोणती अहिंसा?

हा आक्षेप हंसण्यावारी नेण्याजोगा नाहीं. मुंबईंत १८३२ सालीं रस्त्यांवरील कुत्रीं मारण्यावरून दंगा झाला आणि १८३४ सालीं पांजरपोळाची स्थापना झाली, ती जीव लहानमोठा नसतो या श्रद्धेच्या बळावरच. यावर युरोपांतील एक उत्तर बेंथॅमनें १७८९ सालीं दिलें आहे : प्राण्याला बुद्धि आहे कीं नाहीं हें न विचारतां त्याला दुःख होतें कीं नाहीं हें विचारा. या कसोटीनें म्हैस तरते आणि कृमि बहुधा बुडतो. आम्हांस तें उत्तर पुरेसें वाटत नाहीं, कारण कृमीचें दुःख मोजण्याचें माप आमच्याजवळ नाहीं. आमचें म्हणणें निराळें आहे. जीव सारखे असले तरी त्यांच्याशीं असलेलें आमचें नातें सारखें नसतें. कृमीला आम्हीं बांधलेलें नाहीं, त्याचें दूध आम्ही पीत नाहीं, त्याची वीण आम्ही ठरवीत नाहीं. म्हशीच्या बाबतींत हें सारें आम्ही करतों. ज्याला दावणीला बांधलें त्याचा हक्क आधीं.

गंमत अशी कीं ज्यांना अहिंसेशीं कांहीं कर्तव्य नाहीं अशा अर्वाचीन शास्त्रज्ञांनाहि कृमींचा निर्वंश करूं नका असें सांगावें लागत आहे. सर्व शेळ्यांना एकाच दिवशीं तेंच औषध वर्षांतून अनेकदां पाजलें तर जे थोडे कृमि त्यांतून निभावतात ते त्या औषधास न जुमानणारे असतात, आणि पुढची सारी प्रजा त्यांचीच होते. दक्षिण आफ्रिकेंत यावर एक साधी युक्ति निघाली. शेळीमेंढीची खालची पापणी उलटून आंतला रंग पाहावा. लालसर असेल तर सोडून द्यावी, पांढुरकी पडली असेल तिलाच औषध द्यावें. न मारलेले कृमि माळावर राहतात व औषधाला भिणाऱ्यांचें बीज टिकून राहतें. पापणी पाहण्यास पैसा लागत नाहीं; प्रत्येक जनावर निरनिराळें ओळखावें लागतें. पाड्यावर चार शेळ्या राखणाऱ्या बाईस तें सहज जमण्याजोगें आहे, कारण तिच्या शेळ्यांना नांवें असतात. शंभर दावीं असलेल्या धन्याला तें जड जातें. अशा रीतीनें अशोकाची अडचण निम्मी तरी सुटली : सगळे मारणें हें पापच नव्हे तर मूर्खपणाहि आहे.

परंतु औषध आहे म्हणून तें मिळतेंच असें नाहीं, आणि कोणाला मिळतें हें पाहूं लागलें कीं त्या दुसऱ्या लेखापासून आपण किती दूर आलों तें कळतें. अर्वाचीन पशुवैद्यकाचा या देशांतील आरंभ पाहा. १८८० सालीं ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्यानें डेरा इस्माईलखान येथें सुर्रा रोगानें मरणाऱ्या घोड्यांच्या व उंटांच्या रक्तांत वळवळणारा सूक्ष्म परोपजीवी पाहिला. १८८६ सालीं मुंबईस परळ येथें पशुवैद्यक महाविद्यालय निघालें. १८८९ सालीं पुण्यास सरकारी जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन होऊन लिंगार्ड यांनीं सुर्रा रोगावर परिश्रम केले, व पुढें ती प्रयोगशाळा कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरास हलली. घोडा रिसाल्याचा आणि उंट लष्करी सामानाचा नसता तर त्यांच्या रक्ताकडे इतक्या लवकर सूक्ष्मदर्शक वळला असता कीं काय याची आम्हांस शंका आहे. शास्त्रज्ञांना यांत दोष नाहीं. दुःख सर्वत्र असतें, पण प्रयोगशाळा अंदाजपत्रकांतच जन्मते.

याच सुर्राच्या परोपजीव्यानें पुढें एक विलक्षण धडा घालून दिला. २००४ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील एका शेतकऱ्याच्या रक्तांत तो सांपडला. हा जनावरांचा रोग, माणसाला होत नाहीं अशी समजूत. तेव्हां जगभरच्या तज्ज्ञांचें लक्ष तिकडे लागलें. शेतकरी औषधानें बरा झाला, आणि शोध करतां असें दिसलें कीं सामान्य माणसाच्या रक्तांत या जंतूस मारणारें जें एक प्रथिन असतें तें या गृहस्थाच्या रक्तांत जन्मतःच नव्हतें. माणूस आणि बैल यांच्यामध्यें आम्हीं वेदान्तापासून विमाकंपनीपर्यंत जी एवढी मोठी भिंत बांधली आहे तिची जाडी, या रोगापुरती तरी, एका प्रथिनाएवढी आहे.

म्हणूनच भिंत कोठें चिरफळली अशी शंका आली कीं आपण जागे होतों. गोचिडीमार्फत पसरणारा काँगो ताप भारतांत प्रथम २०११ च्या जानेवारींत गुजरातेंत सिद्ध झाला. २०२० च्या सप्टेंबरांत गुजरातेंतील त्याच तापाच्या बातमीवरून पालघर जिल्ह्यांत सावधगिरीचा इशारा निघाला. इशारा योग्यच होता. त्या तापानें माणसें मरतात. पण या तापांत जनावराला बहुधा कांहींच होत नाहीं. जनावराला मारणारे गोचीडताप निराळे आहेत, ते दरसाल येतात, आणि त्यांचा एवढा मोठा मथळा आम्हीं कधीं पाहिला नाहीं. उलट दिशेचें उदाहरणहि ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. जपानांतील मातींतल्या एका सूक्ष्म जीवापासून ओमुरा व कँबेल यांच्या परिश्रमानें निघालेलें आयव्हरमेक्टिन हें १९८१ सालीं गुराढोरांचें औषध म्हणूनच बाजारांत आलें. पुढें १९८७ पासून तेंच आफ्रिकेंतील नदीकांठच्या अंधत्वावर फुकट वाटलें जाऊं लागलें, आणि २०१५ सालीं त्या दोघांस नोबेल पारितोषिक मिळालें. मेंढरांच्या जंतांवर शोधलेल्या औषधानें माणसांची दृष्टि वांचली. ती रक्कम मात्र मेंढरांच्या खातीं कोणी जमा केलेली नाहीं. घरांतल्या कुत्र्याला महिन्याकांठीं गोळी आणि दाराशीं निजणाऱ्या कुत्र्याला काठी, ही आमची नागरी नीति तर सर्वांस ठाऊकच आहे. गोचीड जिना चढतांना परवाना पाहत नाहीं, एवढें सांगून तो विषय सोडतों.

या सर्वांत ज्याची बाजू मांडणारा कोणीच नाहीं तो म्हणजे तबेल्यांतला टोणगा. म्हैस व्याल्याशिवाय दूध देत नाहीं. अर्थात् दुधासाठीं रेडकूं जन्मास घालावेंच लागतें. पारडी झाली तर तिचें पुढें कांहीं होईल अशी आशा असते. टोणगा झाला तर त्याला शेतांत काम नाहीं, आणि रहाट तर केव्हांच थांबले. तो जितके दिवस जगेल तितके दिवस विकाऊ दूध पिणार. वर सांगितलेला, आईच्या दुधांतून येणारा जंत याच वेळीं त्याच्या आंतड्यांत वाढत असतो. दहाव्या ते सोळाव्या दिवसाच्या दरम्यान साध्या जंतनाशकाचा एक डोस दिला तर तो पिकण्यापूर्वींच मरतो. औषधाची किंमत लिटरभर दुधाच्या वर जात नाहीं. तरीहि पुष्कळ तबेल्यांतून टोणग्याच्या तोंडीं हा डोस पडत नाहीं. त्याला कोणी मारीत नाहीं, कारण मारणें पाप आहे. त्याला मरूं देण्यांत येतें, आणि तें काम करण्यास जंत बिनपगारी हजर असतो. मागाहून म्हशीला पान्हा फुटावा म्हणून कांहीं ठिकाणीं त्याच टोणग्याच्या कातड्यांत भुसा भरून तें तिच्यापुढें ठेवतात. हातून कांहीं घडलें नाहीं म्हणून मनाला टोंचणी नाहीं. आणि जंताला मन नाहीं. असा निर्दोष खून कायद्याच्या कोणत्याहि पुस्तकांत सांपडावयाचा नाहीं.

करणें आणि होऊं देणें यांत नीतिशास्त्र भेद मानतें, व तो कांहीं अंशीं खरा आहे. वाटेनें जाणारा जर बुडणाऱ्यास काढीत नसेल तर त्यास आम्ही भ्याड म्हणूं, खुनी म्हणणार नाहीं. परंतु बुडणाऱ्याच्या पायाला दोरी त्यानेंच बांधलेली असली तर? टोणग्याचा जन्म आमच्या हिशेबानें झाला, आईपासून तो आमच्या हिशेबानें दूर झाला, कुठें उभें राहावें व किती प्यावें हें आम्हीं ठरविलें. इतक्या ठिकाणीं हात घातल्यानंतर औषधाच्या वेळींच तो हात खिशांत घालून ‘निसर्गाची इच्छा’ म्हणणें शोभत नाहीं.

येथें तबेलेवाल्यास दुष्ट ठरवून मोकळें होणें फार सोपें आहे, आणि म्हणूनच आम्ही तसें करणार नाहीं. त्याची म्हैस हरियाणा किंवा गुजरातेंतून मोठ्या किमतीस आणलेली, बहुधा कर्ज काढून. पेंड, चारा, पाणी, जागेचें भाडें यांत त्याची कमाई जाते, आणि इमारती ज्या वेगानें जवळ येत आहेत त्यावरून त्याची जागा किती वर्षें राहील हेंहि सांगवत नाहीं. टोणगा पोसणें म्हणजे रोज दोनतीन लिटर दूध हौदांत ओतण्यासारखें. औषधाचा खर्च कांहींच नाहीं. जगलेल्या टोणग्याचा खर्च आहे. अलीकडे वीर्याची निवड करून शंभरांत नव्वदाच्या आसपास पारड्याच जन्मास घालण्याची विद्या निघाली आहे, व तींत सर्व प्रश्न सुटले असें मानणारे लोक आहेत. न जन्मलेल्या टोणग्यास दुःख नाहीं हें आम्हांस मान्य आहे. तेवढा लाभ खरा. पण जे जन्मतील त्यांचें काय, आणि ज्या नीतीनें टोणग्याला दूध नाकारलें तीच भाकड म्हशीपर्यंत केव्हां पोहोंचते, या प्रश्नांवर ती विद्या मौन धरते.

१८७५ सालीं बेल्जियममधील व्हान बेनेडेन या प्राणिशास्त्रज्ञानें एकमेकांच्या आश्रयानें राहणाऱ्या जीवांचे तीन वर्ग केले : ताटाशेजारीं बसून उष्टें वेंचणारे सहभोजी, देवघेव करणारे परस्परोपकारी, आणि नुसतें घेणारे परोपजीवी. गोठ्यांतला माणूस आपली गणना दुसऱ्या वर्गांत करतो. चारा देतों, पाणी देतों, छप्पर देतों असें तो म्हणतो, आणि जुन्या काळीं ज्या घरीं बैलाच्या मरणाचें सुतक पाळल्यासारखें दोन दिवस चूल थंड असे तेथें तें खरेंहि असेल. पण हिशेब दुसऱ्या बाजूनेंहि मांडून पाहावा. गोचीड म्हशीचें रक्त पिते, पण रक्त आटलें म्हणून ती म्हशीला विकून टाकीत नाहीं. कृमि तिच्या यकृतांत राहतो, पण तिच्या पोटच्याला तिच्यापासून तोडीत नाहीं. आणि या यादींत तबेलेवाला एकटा नाहीं. त्याच्या मागें दूध मोजून देणारा आहे, त्याच्या मागें दाराला पिशवी अडकविणारा आहे, आणि दाराच्या आंत चहाची वाट पाहणारे आम्ही आहों. लिटरमागें दोन रुपये वाढले कीं ज्या घरांतून ओरड होते त्याच घरांतून वसुबारसेस सवत्स धेनूपुढें निरांजन लावलें जातें. सवत्स या शब्दांत वत्स आहे, याकडे लक्ष जाण्याइतकी ती पूजा सावकाश होत नसावी.

जुन्या गोपालकांत चार सडांपैकीं एक वासराचा मानण्याचा रिवाज होता. तो आजच्या तबेल्यांत आणावयाचा तर दुधाला काय पडेल याचें त्रैराशिक अवघड नाहीं. म्हैस सुमारें दहा महिने दूध देते. रेडकाला त्यांतले पहिले तीन महिने एक सड सोडला तर एकंदर दुधाचा चाळिसांत तीन एवढा भाग कमी होतो, म्हणजे आज शंभर रुपयांस मिळणारें दूध एकशेंआठांस पडेल. आरंभीं दूध अधिक असतें म्हणून एकशेंदहा धरा. दहाव्या दिवसाचा डोस त्यांतच बसतो.